हिवाळी तेलबियांचं इंधन: सरकारचा पैसा कुठे जातो आणि शेतकऱ्यापर्यंत किती येतो?

वाशीम जिल्ह्यातल्या एका कृषी पदवीधराने विचारलं आहे: "अमेरिकेत पेनीक्रेस, कॅमेलिना ही थंडीतली तेलबियांची पिकं विमानाच्या आणि ट्रकच्या इंधनासाठी घेतात आणि सरकार त्यांना भरपूर पाठिंबा देतं, असं वाचलं. शेतकऱ्याला एकरी नेमकं काय मिळतं? आमच्याकडे सोयाबीन निघालं की पाण्याअभावी बरंच रान मोकळं राहतं. तिथे करडई, जवस किंवा असंच एखादं पीक इंधनासाठी घेता येईल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. एकरी म्हणून काहीच मिळत नाही. कॅमेलिनाला किंवा पेनीक्रेसला अमेरिकेत हमीभाव नाही आणि सरकारी खरेदीही नाही. भाव पडला तर भरपाई द्यायच्या पिकांची जी यादी तिथल्या शेती कायद्यात आहे, तिच्यात तेलबियांचा एक गट आहे. गंमत म्हणजे आपली करडई आणि आपलं जवस त्या गटात आहेत, मोहरी आणि तीळही आहेत. ज्यांच्यावरून एवढी चर्चा चालते ती कॅमेलिना आणि पेनीक्रेस मात्र नाहीत.

म्हणून पाठिंबाच नाही असं समजू नका. पाठिंबा मोठा आहे, पण तो शेताला वळसा घालून जातो. एक ओघ बियाणं घडवणाऱ्या संशोधनाकडे, दुसरा इंधन बनवणाऱ्या रिफायनरीकडे. शेतकरी मधे. त्याच्या पदरात पडतं ते खरेदीदार कंपनीशी केलेल्या करारातून, म्हणजे कंपनीला त्या पिकाची जेवढी निकड असेल तेवढं. मी मूळचा मराठवाड्यातला, परभणीला शिकलो, आणि बरीच वर्षं इलिनॉयमध्ये करारावरच्या पिकांत शेतकऱ्यांबरोबर काम करतो. भारतात ही कल्पना मांडणारे लोक नेमकी ही मधली जागा गाळतात, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

ही पिकं हवीत कशाला, ते आधी. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या मध्य-उत्तर पट्ट्यात, मका ऑक्टोबरपर्यंत निघतो आणि सोयाबीनची पेर एप्रिलअखेर किंवा मेमध्ये होते. मधले सहा महिने रान उघडं. बर्फ वितळलं आणि पाऊस सुरू झाला की जमिनीत उरलेलं नायट्रेट शेताखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्याला लागतं, तिथून मिसिसिपी नदीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात. आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायू संपलेल्या पाण्याचा मोठा पट्टा तयार होतो, त्याचं हे मुख्य कारण. उपाय म्हणून सरकार आच्छादन पिकांचा, म्हणजे नुसतं रान झाकायला घेतलेल्या पिकांचा, आग्रह धरतं. पण राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं थंडीतलं धान्य) पेरायचं तर बियाण्याला पैसे, पेरणीला पैसे, पुन्हा वसंतात तणनाशक मारून तेच पीक संपवायला पैसे, आणि विकायला काही नाही. अनुदान थांबलं की राय थांबतं. थंडी सोसणारी तेलबिया तेच रान झाकते आणि शिवाय विकता येते. सगळ्या उत्साहाचं मूळ हे आहे.

पेनीक्रेस हे मोहरीच्या कुळातलं तण. शरदात उगवतं, बर्फाखाली पानं जमिनीला चिकटवून बसतं, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात काढणीला येतं आणि मागे सोयाबीन पेरता येतं. कॅमेलिनाचं हिवाळी वाण आणखी उत्तरेला, मिनेसोटासारख्या कडक थंडीतही तग धरतं. तिथे हंगाम इतका तोकडा की पीक निघण्याची वाट पाहणं परवडत नाही. वसंतात उभ्या कॅमेलिनाच्या ओळींमधे सोयाबीन पेरून घेतात आणि कॅमेलिना पिकली की हार्वेस्टरचं पातं उंच धरून वरच्यावर काढतात. पूर्व विदर्भात उभ्या धानात जवस किंवा लाखोळी फेकून उतेरा घेतात, त्याचाच हा यांत्रिक अवतार. तिसरं पीक कॅरिनाटा, तेही मोहरीच्याच कुळातलं. ते फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामाकडचं. हिवाळा सौम्य असला तर तिथे जोमदार येतं, पण अवचित हिमतडाखा बसला की रान काळं पडतं.

आता पैशाचा पहिला ओघ. २०१७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या कॅरिनाटा प्रकल्पाला १.५ कोटी डॉलर दिले. २०१९ मध्ये वेस्टर्न इलिनॉय विद्यापीठाच्या पेनीक्रेस प्रकल्पाला १ कोटी डॉलर मिळाले. त्याआधीपासून इलिनॉयमधल्या पेओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत पेनीक्रेसच्या तेलावर काम सुरू होतंच. मिनेसोटात राज्य सरकार विद्यापीठाच्या 'फॉरएव्हर ग्रीन' उपक्रमाला पैसा देतं, त्यात हिवाळी कॅमेलिना आणि पेनीक्रेस दोन्ही आहेत. मला विचाराल तर साऱ्या पाठिंब्यात हा पैसा सर्वांत सत्कारणी लागला. कारण तणाचं पीक करणं सोपं नसतं. रानटी पेनीक्रेसच्या तेलात खाण्याला नको असलेलं इरुसिक आम्ल ३५ टक्क्यांच्या वर. पेंडीत सिनिग्रिन नावाचं तिखट द्रव्य, त्यामुळे ती जनावराला मोकळेपणाने घालता येत नाही. बी जमिनीत सुप्त राहतं आणि नको त्या वर्षी उगवतं. शेंगा काढणीआधीच तडकतात. हे एकेक दोष काढायला वर्षं जातात आणि तेवढी वर्षं कुठलीही कंपनी एकटी थांबत नाही.

दोष निघू लागल्यावर कंपन्या आल्या. सेंट लुइसमधली एक छोटी कंपनी २०१३ पासून जनुक संपादन वापरून पेनीक्रेसचं 'कव्हरक्रेस' करत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बायरने तिचा ६५ टक्के हिस्सा घेतला, उरलेला ३५ टक्के बंगी आणि शेव्हरॉनकडे राहिला. एक बियाणंवाला, एक धान्य-तेलवाला आणि एक पेट्रोलियमवाला. शेताच्या आधीचं आणि नंतरचं सगळं एका टेबलाभोवती बसलं.

दुसरा ओघ इंधनाकडचा, आणि खरी रक्कम इथे आहे. पाया आहे २००५ मध्ये सुरू झालेला आणि २००७ च्या कायद्याने वाढवलेला मिश्रणाचा बंधनकारक कोटा. पेट्रोलियम कंपन्यांनी दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात जैवइंधन बाजारात आणायचंच. आणलं याचा पुरावा म्हणजे गॅलनच्या हिशेबाने तयार होणारा क्रमांक. त्याला सगळे 'रिन' म्हणतात. ज्याच्याकडे कमी पडतात तो दुसऱ्याकडून विकत घेतो, म्हणजे त्याला भाव असतो. पण रिन कुठल्याही तेलाला मिळत नाही. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने त्या पिकापासून त्या पद्धतीने केलेल्या इंधनाचा हिशेब तपासून मंजुरी द्यावी लागते. कॅमेलिनाला ती २०१३ मध्ये मिळाली. कॅनोलापासूनच्या नूतनीकरणक्षम डिझेलला (म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पती तेलापासून केलेल्या डिझेलला) आणि विमान इंधनाला थेट डिसेंबर २०२२ मध्ये. पेनीक्रेसचं विश्लेषण २०१५ मध्येच सूचनांसाठी जाहीर झालं होतं. एका मंजुरीच्या कागदावर पिकाचं भवितव्य वर्षानुवर्षं लोंबकळतं ते असं.

कोट्याच्या जोडीला कर सवलत. आधी गॅलनमागे सरसकट एक डॉलर होती, ती २०२४ अखेर संपली. तिच्या जागी '४५झेड' आली, जी इंधनाच्या कार्बन अंकावर ठरते, म्हणजे शेतापासून टाकीपर्यंत त्या इंधनामागे किती कार्बन हवेत जातो त्यावर. अंक ५० च्या खाली जितका, तितकी सवलत जास्त, कमाल गॅलनला एक डॉलर, तीही मजुरीविषयक अटी पाळणाऱ्या कारखान्याला. सूत्र सोपं आहे. ५० मधून इंधनाचा अंक वजा करा आणि ५० ने भागा.

आता एका एकराचा हिशेब मांडू, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. कॅमेलिनाचं बी एकरी १,२०० पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच क्विंटल निघालं असं धरा. गाळपातली घट जाता हाती तेल साधारण ४०० पौंड. एक गॅलन नूतनीकरणक्षम डिझेलला सुमारे ८ पौंड तेल लागतं, म्हणजे एकरी ५० गॅलन. इंधनाचा कार्बन अंक २० धरला तर कर सवलत गॅलनला ६० सेंट, एकरी ३० डॉलर. या डिझेलच्या एका गॅलनला १.७ रिन मिळतात. रिनचा भाव एक डॉलर धरला तर एकरी ८५ डॉलर. दोन्ही मिळून ११५ डॉलर. हे अंक मी समजण्यासाठी धरले आहेत, पण आवाका हाच. आणि या ११५ मधला एकही डॉलर शेतकऱ्याच्या नावावर पडत नाही. सवलत इंधन उत्पादकाच्या कर विवरणात जाते, रिन त्याच्या खात्यात. त्यातलं किती बियाण्याच्या भावात उतरतं हे त्याच्या मर्जीवर.

शिवाय रिनचा भाव स्थिर नसतो. २०२३ च्या सुरुवातीला दीड डॉलरच्या वर असलेला भाव वर्षभरात निम्म्याच्याही खाली आला. शेतकऱ्याने सप्टेंबरमध्ये पेरलं आणि जूनमध्ये काढलं, तेवढ्यात पलीकडच्या माणसाचं गणित पार बदललेलं असू शकतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो: भाव पेरणीआधी लिहून घ्या, आणि तो सोयाबीनच्या वायद्याशी बांधलेला आहे की ठोक आहे, हे वाचून मग सही करा.

आता ती गाळली जाणारी मधली जागा. शरदात करार घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलं की पहिला प्रश्न भावाचा येत नाही. तो विचारतो, "माझ्या सोयाबीनच्या विम्याचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. कृषी खात्याच्या व्याख्येत आच्छादन पीक म्हणजे जमिनीसाठी घेतलेलं पीक. त्यासाठी जी आर्थिक मदत मिळते तिच्या तांत्रिक मानकात साफ लिहिलं आहे की त्याचं बी काढायचं नाही. बी काढलंत की ते आच्छादन पीक राहत नाही, मुख्य पीक ठरतं. मग त्याच्या मागून पेरलेलं सोयाबीन दुसरं पीक ठरतं आणि त्याच्या विम्याचे नियम बदलतात. म्हणजे रान झाकण्यासाठी जे खातं पैसे देतं, तेच खातं झाकणारं पीक विकाऊ झालं की हात आखडता घेतं. यामागे कुणाचा दुष्टावा नाही, नियम वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या हेतूंनी लिहिले गेले. पण टेबलापलीकडच्या माणसाला हेतूशी काय देणंघेणं? त्याचं वर्षाचं उत्पन्न सोयाबीनवर आहे. एकरी थोड्या जादा कमाईसाठी तो त्या विम्याला धक्का लावणार नाही, आणि लावू नये.

इथे थोडं काम झालं आहे. २०२२ मध्ये दुबार पिकाच्या विम्याची सोय पंधराशेहून अधिक काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) सुटसुटीत केली गेली. त्या वेळी निमित्त गव्हाचं होतं, पण गव्हामागच्या सोयाबीनला जो विमा मिळतो त्याच वाटेने तेलबियांमागच्या सोयाबीनचं दार किलकिलं झालं. कॅमेलिनाच्या स्वतःच्या विम्याचा प्रायोगिक कार्यक्रम २०१२ मध्ये मोंटाना आणि नॉर्थ डकोटाच्या काही काउंटींत सुरू झाला, तोही कारखान्याशी करार असलेल्या पिकालाच. या विषयात मला सरकारकडून एकच गोष्ट मागायला सांगितली तर मी कर सवलत मागणार नाही. हिवाळी तेलबियेसह सोयाबीनचा विमा एका कागदावर द्या, एवढंच मागेन. विमा एजंटाने मान डोलावली की अर्धं काम होतं.

बाकीचं अर्धं काम काढणीच्या दिवशी. पेनीक्रेसचा दाणा इतका बारीक की हजार दाणे मिळून जेमतेम ग्रॅमभर भरतात. असा माल ट्रकमध्ये पाण्यासारखा वाहतो आणि फट दिसेल तिथून गळतो. जूनमध्ये मी शेतावर जातो तेव्हा गाडीत चिकटपट्टीची रिळं असतात. हार्वेस्टरच्या टाकीचे सांधे, ट्रॉलीचा मागचा दरवाजा, स्क्रूने माल उचलणाऱ्या नळीची जोडणी, सगळीकडे पट्ट्या मारून मगच मळणीला हात घालायचा. पुढे माल ओलसर असेल तर वाळवायला साध्या कोठीची जाळी चालत नाही, दाणे खाली झरतात. आणि गावाजवळची धान्यकोठी हा माल घेतच नाही, कारण मक्यात किंवा सोयाबीनमध्ये तणाचं बी मिसळलं तर तिची पूर्ण कोठी अडकते. म्हणजे माल दूरच्या ठरलेल्या जागी न्यायचा, भाडं कोण देणार ते करारात बघायचं. वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही कायद्यात ही चिकटपट्टी नाही. नवं पीक पहिल्या वर्षानंतर सोडणारे शेतकरी मी पाहिले, त्यांतले बहुतेक भावावर नव्हे, या असल्या कटकटींवर वैतागून गेले.

थेट हेक्टरी मदत कुणी देऊन पाहिलीच नाही, असंही नाही. युरोपीय संघाने २००४ पासून ऊर्जा पिकांना हेक्टरी ४५ युरो दिले. त्यात हिवाळी रेपसीड, म्हणजे मोहरीचा युरोपातला भाऊबंद, हेच मुख्य पीक. काही वर्षांतच ती मदत गुंडाळली, कारण मिश्रणाचा कोटा आल्यावर मागणी तशीही तयार होत होती. जर्मनीची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे शुद्ध बायोडिझेलवर करच नव्हता, त्यामुळे ते पंपावर साध्या डिझेलहून स्वस्त पडे आणि दीड हजारांहून अधिक पंपांवर मिळे. ऑगस्ट २००६ पासून कर लागला, २००७ पासून कोटा आला. कोट्यामुळे तेल कंपन्यांनी डिझेलमध्ये मिसळण्यापुरतं घेतलं, पण शुद्ध बायोडिझेलचे पंप ओस पडले आणि छोटे गाळप कारखाने बंद झाले. रेपसीड मात्र टिकलं. का? कारण त्याच्या तेलाला खाण्याचा बाजार होता, पेंडीला गोठ्याचा बाजार होता आणि फेरपालटीत गव्हाला त्याचा फायदा होता. धोरण उलटलं तरी पिकाला उभं राहायला दुसरा पाय होता. कॅमेलिनाला तो पाय अजून तोकडा आहे. तिची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात अमेरिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालते.

अमेरिकेतही वारं फिरतंच. २०१० मध्ये वसुंधरा दिनाला नौदलाने निम्म्या कॅमेलिना इंधनावर एफ-१८ लढाऊ विमान उडवलं तेव्हा आता क्रांती झालीच असं लोक बोलत होते. २०११ मध्ये कृषी खात्याने कॅलिफोर्निया, मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांत कॅमेलिना लावणाऱ्यांसाठी प्रकल्प क्षेत्रं जाहीर केली. आज तिथे फिरलात तर त्या घोषणेची खूण शोधावी लागेल. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डची जुनी रिफायनरी कॅमेलिनाचा आधार धरून पुन्हा उभी केली गेली, आणि तिच्या मालक कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्यात कृषी खात्याने २०२२ मध्ये सुरू केलेला ३.१ अब्ज डॉलरचा हवामानपूरक शेतमालाचा कार्यक्रमही रद्द केला.

जुलै २०२५ च्या कायद्याने ४५झेड सवलत २०२९ अखेरपर्यंत वाढली, हे खरं. २०२६ पासून कच्चा माल अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचाच हवा अशी अटही आली, त्याने स्थानिक पिकाला बळ मिळतं. पण त्याच कायद्यातलं एक कलम या पिकांना मारक आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आधी कार्बन अंक काढताना एक जादा भार धरत: अमुक एकरांचं तेल इंधनाला गेलं म्हणून जगात कुठेतरी जंगल तुटून नवी शेती झाली, त्याचा भार. सोयाबीन तेलाला तो चांगलाच लागे. हिवाळी पिकाला लागत नसे, कारण ते रिकाम्या हंगामात येतं, कुणाची जमीन खात नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या हिशेबात तर अमेरिकेत दुय्यम पीक म्हणून घेतलेल्या कॅरिनाटाच्या इंधनाचा अंक १३ आहे आणि साध्या विमान इंधनाचा ८९. नव्या कायद्याने जमिनीचा तो भार मोजणंच बंद केलं. सोयाबीन तेल आपोआप 'स्वच्छ' झालं आणि हिवाळी पिकाची आघाडी कमी झाली. रिफायनरीवाल्याला नवं, बारीक दाण्याचं, तुरळक मिळणारं तेल शोधण्याची गरज तेवढी उरली नाही. पीक तेच, शेतकरी तोच, आणि एका वाक्याने त्याची किंमत उतरली.

युरोपात गंगा उलटी वाहते आहे. २०२४ मध्ये संघाने प्रगत जैवइंधनांच्या यादीत मधल्या हंगामातल्या पिकांना जागा दिली. अटी अशा: त्या भागात हंगाम अपुरा असल्यामुळे अन्नाचं एकच पीक निघत असलं पाहिजे, या पिकामुळे जादा जमिनीची मागणी होता कामा नये आणि जमिनीतला सेंद्रिय अंश टिकला पाहिजे. अर्जेंटिनातला कॅरिनाटा युरोपात गाळपाला जातो तो असल्याच मागणीवर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सोयाबीनमागच्या मोकळ्या रानात पीक घ्यावं का? जमीन खोल, काळी आणि ओल धरणारी असेल तर जरूर घ्या. इंधनासाठी घ्यावं का? आजच्या घडीला नाही.

हिशेब करू. २०२६-२७ च्या पणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये आहे. क्विंटलमागे ३० किलो तेल धरा, म्हणजे सुमारे ३३ लिटर. राहिलेल्या ७० किलो पेंडीचे किलोला २० रुपये धरले तर १,४०० सुटले. उरले ५,१४०. म्हणजे तेल लिटरला १५५ रुपयांच्या पुढे, गाळपाचा आणि शुद्धीकरणाचा खर्च वेगळाच. पंपावर डिझेल सगळे कर धरून ९० च्या आसपास. हे अंतर भरायला अमेरिकेत रिन आहे, कर सवलत आहे. आपल्याकडे ते कोण भरणार? आणि का भरावं? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबिया अभियानाला १०,१०३ कोटी रुपये मंजूर केले, ते हे परावलंबन कमी करायला. एका हाताने पाम तेल आयात करायचं आणि दुसऱ्या हाताने करडईचं तेल टाकीत ओतायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणाचा रोखही अखाद्य तेलबिया, वापरलेलं तेल यांवरच आहे, आणि तो योग्य आहे.

अखाद्य म्हटलं की जाणत्या शेतकऱ्याला मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, आठवतो. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची राष्ट्रीय मोहीम मांडली. २००५ मध्ये बायोडिझेलचा खरेदी दर लिटरला २५ रुपये जाहीर झाला. त्या दरात उत्पादन खर्चही निघत नव्हता. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आलं. उद्दिष्ट होतं, सुधारित वाण नव्हतं. रोपवाटिकांनी रोपं विकली, पैसे त्यांना मिळाले. पडीक जमिनीत पाणी-खताशिवाय भरघोस बी येईल असं सांगितलं गेलं आणि ज्यांनी लावलं त्यांनी पुढे जेसीबी लावून उपटलं. म्हणूनच वर म्हटलं की अमेरिकेतला संशोधनाचा पैसा मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी वीस एक वर्षं आधी बी घडवलं, आपण आधी उद्दिष्ट घडवलं.

आपल्याकडे काही नाहीच असं नाही. हल्द्वानीच्या संरक्षण जैवऊर्जा संशोधन संस्थेने कॅमेलिनावर काम केलं आहे. पुण्याच्या प्राज कंपनीने बनवलेलं विमान इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेलं, पण ते अल्कोहोलच्या वाटेचं इंधन, तेलबियांचं नव्हे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. ते गाठायला इथेनॉल आणि हॉटेलांतलं वापरलेलं तेल आधी कामाला येईल. पानिपतची इंडियन ऑइलची रिफायनरी वापरलेल्या तेलाच्याच मागे आहे. अखाद्य हिवाळी तेलबियेचा नंबर त्यानंतर, आणि तोही विद्यापीठांनी आपल्या ओलाव्यात, आपल्या सौम्य थंडीत तगणारं वाण दिलं तर. कॅमेलिनाच्या हिवाळी वाणाला फुलावर यायला दीर्घ कडक थंडी लागते. वाशीमला ती मिळणार नाही, त्यामुळे बाहेरून बियाणं आणून विकणारा कुणी दारात आला तर आधी हेच विचारा.

युरोपच्या मधल्या हंगामाच्या अटीवरही कुणी तुम्हाला स्वप्न विकेल. त्यात मेख अशी आहे की त्यांची अट वाढीचा काळ तोकडा असण्याची आहे. आपल्याकडे काळ भरपूर आहे, पाणी नाही. सोलापूर, परभणीकडे जिथे खरिपात रान पड ठेवून रब्बीत करडई घेतात, तिथे तर करडई हेच मुख्य पीक. ते जादाचं पीक म्हणून कुठलाही तपासनीस मान्य करणार नाही. सोयाबीनमागच्या करडईचा दावा त्या मानाने बरा, पण त्यासाठी प्रत्येक शेताचा पाच-सात वर्षांचा पीकपेरा दाखवावा लागेल. सातबाऱ्यावरचा पीकपेरा किती गावांत खरा असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

कुठल्याही कंपनीचा करार आला तर तो वाचताना तीन ठिकाणी बोट ठेवा. भाव कशाशी बांधला आहे. माल पोचवायचा कुठे आणि भाडं कुणाचं. आणि सरकारी धोरण बदललं तर कंपनीला करार मोडता येतो का. तिसरं कलम बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतं.

या रब्बीपुरतं सांगायचं तर सोयाबीन लवकर निघालं असेल आणि जमिनीत ओल असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करडई टाका. काट्यांमुळे कापणीला मजूर मिळत नाही, म्हणून हार्वेस्टरवाल्याशी आधीच बोलून ठेवा. तेल गावातल्या घाण्यावर काढून खाण्यासाठी विका, त्याला आज जो भाव मिळतो तो कुठलीही रिफायनरी देणार नाही.